सूतिकाज्वर आणि आपले उत्तरदायित्व

सूतिकेला ज्वर आला की आपल्यापैकी अनेकांच्या हातून पहिली चिठ्ठी दशमूलाची लिहिली जाते. प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नव्हता. काही वर्षांपूर्वी माहेरी आलेल्या एका सूतिकेच्या आईने दूरध्वनीवरून ज्वराची वार्ता सांगितली. "दूध उतरताना ताप येतोच," असे तिचे म्हणणे. मी रुग्णेस न पाहताच दशमूलारिष्ट सांगितले. चौथ्या दिवशी ती दवाखान्यात आली तेव्हा नाडी अतिशय वेगवती होती, स्राव दुर्गंधित होता आणि उदर स्पर्शासह होते. तातडीने रुग्णालयात पाठविल्यामुळे प्राण वाचले, परंतु गर्भाशय गमवावे लागले. दोष दशमूलाचा नव्हता. न पाहता औषध सांगणाऱ्या वैद्याचा होता.

हे स्मरण होण्यास कारण घडले ते एका मोठ्या संशोधनाचे. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. अॅलन टीटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेश, काँगो, ग्वाटेमाला, भारत, केनिया, पाकिस्तान व झांबिया या सात देशांत २९,२७८ स्त्रियांवर एक चाचणी केली. भारतातील केंद्रे नागपूर व बेळगाव येथे होती. योनिमार्गे प्रसूती अपेक्षित असलेल्या स्त्रियांना प्रसववेदना सुरू असताना अॅझिथ्रोमायसिनची २ ग्रॅमची एकच मात्रा मुखावाटे अथवा तशीच दिसणारी निष्क्रिय मात्रा देण्यात आली. कोणास काय मिळाले हे रुग्णा वा चिकित्सक यांना ठाऊक नव्हते. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. मातेस जंतुदोष रक्तात भिनणे किंवा मृत्यू येणे, याचे प्रमाण निष्क्रिय मात्रेच्या गटात हजारी २४ होते. औषधाच्या गटात ते १६ वर आले.

मात्र या निष्कर्षांच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. लाभ मुख्यतः जंतुदोष टळण्याचा आहे. मातामृत्यूचे प्रमाण दोन्ही गटांत अत्यल्प व जवळजवळ सारखेच राहिले. नवजात बालकांना लाभ दिसला नाही. शिवाय ही मात्रा प्रतिबंधासाठी, प्रसूतीच्या वेळी, चिकित्सकाच्या देखरेखीखाली दिलेली आहे. ज्वर आल्यावर दुकानातून न्यावयाची ती गोळी नव्हे. औषधविक्रेत्या बंधूंनी हा भेद विशेषत्वाने ध्यानी घ्यावा. चिठ्ठीविना दिलेली प्रतिजैविकाची अर्धवट मात्रा रोगलक्षणे झाकते, योग्य उपचारास विलंब लावते आणि जंतूंना औषधप्रतिकारक बनविते. उद्या खऱ्या गरजेच्या वेळी तेच औषध निष्प्रभ ठरले, तर त्या पापाचे वाटेकरी आपणही असू.

आपल्या शास्त्राला हा विषय नवा नाही. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात प्रसूतीच्या परिचारिका नखे कापलेल्या असाव्यात असे स्पष्ट सांगितले आहे. काश्यपसंहितेच्या खिलस्थानात सूतिकोपक्रमणीय हा स्वतंत्र अध्याय आहे. सूतिकेचे व्याधी कष्टसाध्य असतात, ही आपल्या आचार्यांची धारणा आहे. ज्यांनी इतके सावध केले, त्यांचे अनुयायी सूतिकाज्वर हलक्याने घेतात, हे शोभत नाही.

म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरावासा वाटतो. पहिली, प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत ज्वर आलेल्या स्त्रीस प्रत्यक्ष तपासल्याविना औषध देऊ नये. दुसरी, ज्वरासह दुर्गंधित स्राव, उदरशूल, वेगवती नाडी, श्वास, मूत्राल्पता किंवा भ्रम यांपैकी काहीही आढळल्यास तिला त्याच घटकेस रुग्णालयात पाठवावे; काढ्याचा गुण पाहण्यासाठी एक दिवसही थांबू नये. औषधविक्रेत्यांनीही अशा वेळी बाटली देण्याऐवजी वैद्याकडे वा रुग्णालयाकडे बोट दाखवावे. तिसरी, आपल्या सूतिका-परिचर्येच्या नोंदी काटेकोरपणे ठेवाव्यात. अभ्यंग, पट्टबंधन, दशमूल यांचा उपयोग होतो असे आपण पिढ्यान्पिढ्या सांगतो. तो किती होतो, कोणास होतो, हे सात देशांतील त्या चाचणीइतक्याच निष्ठेने पडताळण्यास आपण का कचरावे? जे खरे आहे ते परीक्षेने उजळेलच.

त्या सूतिकेची मुलगी आता शाळेत जाते. ती माझ्या दवाखान्यात येते तेव्हा आईचा हात धरून येते. तो हात तिला मिळाला, तो माझ्या चिठ्ठीमुळे नव्हे, हे मी विसरू शकत नाही.