नामदेवांची पदं मोबाइलवर वाचताय? आधी गुरुमुखी शिका

गुरु ग्रंथसाहिबात संत नामदेवांची ६१ पदं आहेत. मोबाइलवर ती देवनागरीतही सापडतात. मग वेगळी लिपी कशाला शिकायची? कारण लिप्यंतर अक्षरं देतं, उच्चार नाही.

याच ग्रंथातले 'नानकु', 'नानक', 'नानकि' हे शब्द घ्या. ॲप अक्षराला अक्षर लावून मोकळं होतं आणि आपण 'नानकु' ठणकावून म्हणतो. पाठात मात्र तिन्हींचा उच्चार सहसा 'नानक' असाच होतो. शेवटचा ऱ्हस्व उकार-इकार ही बहुधा व्याकरणाची खूण असते: 'नानकु' कर्ता, 'नानकि' म्हणजे नानकांनी, नुसतं 'नानक' अनेकदा संबोधन. मात्रा वाचायची ती अर्थासाठी. (ज्ञानेश्वरीतही कर्त्याला असा उकार दिसतो.)

मूळ अक्षरं ३५. त्यातला 'स' आपल्या 'म'सारखा आणि 'ध' आपल्या 'प'सारखा दिसतो, तिथे सुरुवातीला गडबड होणारच. पण लिपी काही आठवड्यांचं काम आहे. खरी मेहनत उच्चाराची, कारण वरच्या नियमालाही अपवाद आहेत. त्यासाठी शीख परंपरेत जाणकारासमोर बसून 'संथ्या' घेतात, आपल्याकडे वेदपाठाची संथा घेतात तशीच. ॲपमध्ये ती सोय नाही; वाचताना चुकलात तर ते थांबवत नाही.