दूरच्या यंत्रात कुणाची सीडी?

१९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी विमानतळांवर प्रवाशांच्या हाती चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले, हे अनेक वाचकांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलीने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली होती. फाइल पुसण्यासाठी यंत्र आधी सुरू तर व्हायला हवे! आडव्या झालेल्या यंत्राला दुरून हुकूम द्यायचा कसा? निदान सर्व्हरपुरते याचे उत्तर आहे. माझ्या मते ते जितके सोयीचे, तितकेच जोखमीचे आहे.

महापे किंवा ऐरोलीच्या डेटा सेंटरात रांगेने उभ्या असलेल्या सर्व्हरच्या पोटात एक छोटा, स्वतंत्र संगणक असतो. मुख्य यंत्र निजले तरी वीज असेपर्यंत तो जागाच. पूर्वी सर्व्हर बसला की अभियंता सीडी घेऊन रातोरात निघे. आता तो घरूनच लॅपटॉपवरची फाइल या छोट्या संगणकाच्या हवाली करतो. सर्व्हरला वाटते, कुणीतरी खरोखरच सीडी घातली. तिच्यावरून तो सुरू होतो, हवे तर सारी प्रणाली नव्याने चढवून घेतो. यालाच ‘व्हर्च्युअल मीडिया’ म्हणतात. (घरचे इंटरनेट सुस्त असले तर पहाट उजाडते, हा भाग निराळा.)

पण ही सीडी दुसऱ्याच कुणी घातली तर? सप्टेंबर २०१९ मध्ये एक्लिप्सियम या संशोधन कंपनीने सुपरमायक्रोच्या सर्व्हरांत नेमक्या याच सोयीतली भगदाडे दाखवली. ९० हून अधिक देशांतील किमान ४७ हजार यंत्रांचे हे दार थेट इंटरनेटवर उघडे होते. कंपनीने दुरुस्ती दिली. मात्र २०२५ मध्ये एएमआय कंपनीच्या मेगारॅक प्रणालीत दहापैकी दहा तीव्रतेचा दोष निघाला, आणि तिचा प्रत्यक्ष गैरवापर झाल्याची नोंद अमेरिकी सायबर यंत्रणेने जूनमध्ये केली. घुसखोर या छोट्या संगणकात ठाण मांडून बसला, तर मुख्य डिस्क धुऊनपुसूनही तो हलत नाही.

उपाय काही फार खर्चाचा नाही. हे जाळे इंटरनेटपासून तोडून वेगळे ठेवावे, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा, काम नसेल तेव्हा ही सोय बंद करावी. अडते ते जबाबदारीपाशी. यंत्र एकाचे, जागा दुसऱ्याची, देखभाल तिसऱ्याची. जुलै २०२४ अखेरीस सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार एका सायबर हल्ल्याने अडकले. तिथे हल्ल्याची वाट वेगळी होती, पण सेवा पुरवणारा तिसराच होता. सहकारी बँकेच्या यंदाच्या वार्षिक सभेत लाभांशाचा विषय संपला, की या दाराची किल्ली कुणाकडे असते, एवढे सभासदांनी जरूर विचारावे.