उसाच्या बिलातून जुनी मोटार



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की आपल्या भागात दोन प्रकारची माणसे जास्त दिसू लागतात. एक सोयरीक जमवणारे आणि दुसरे जुन्या गाड्यांचे एजंट. सोयरीक करताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो, घर बघतो, पाहुण्यांना विचारतो. गाडीच्या बाबतीत मात्र रंग बघून, टेप वाजवून आणि "एकदम घरगुती वापर हाय बघा, मालक डॉक्टर हुता" एवढ्या बोलण्यावर दोन-तीन लाख रुपये मोजून मोकळे होतो. एजंटांच्या गाड्यांचे सगळे मालक डॉक्टरच कसे निघतात, हे एक कोडेच आहे.

जुनी मोटार घेऊ नये असे सांगण्यासाठी हा लेख नाही. घ्यावी, असेच आमचे मत आहे. रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले, म्हाताऱ्या आईला जोतिबाला न्यायचे झाले, किंवा लग्नसराईत पाच माणसे घेऊन जायचे झाले, तर मोटारसायकलवर भागत नाही. नवी गाडी शोरूमबाहेर पडल्यावर पहिल्या तीन-चार वर्षांतच तिची किंमत सर्वांत जास्त उतरते. ती घट दुसऱ्याने सोसलेली असेल तर आपल्याला त्याचा फायदा का नको? ज्या काळात फियाट किंवा अँबॅसडरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्या काळात जुन्या गाडीवाला सांगेल तो भाव द्यावा लागायचा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पुढे बाजार मोकळा झाला, आणि आज घेणाऱ्याला निवड करायला भरपूर वाव आहे. वाव असूनही फसतो तो घाईने.

आधी हिशेब करू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. उतारा जास्त असेल तर दर वाढतो, आणि त्यातून तोडणी-ओढणी वजा होते. तोंडी हिशेब सोपा जावा म्हणून हातात टनाला ३,००० रुपये पडले असे धरा. तीन लाखांची जुनी मोटार म्हणजे १०० टन ऊस झाला. एकरी ४० टन पडला तर अडीच एकरांचा अख्खा ऊस त्या मोटारीत बसला! त्यात लागणीचा, खताचा, पाणीपट्टीचा खर्च धरलेलाच नाही. एवढा ऊस काट्यावर घालताना आपण पाच किलोचा फरक खपवून घेत नाही. मग तेवढ्याच किमतीची वस्तू घेताना एक दिवस मोडायला काय हरकत आहे?

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. सोसायटीचे सवलतीच्या व्याजाचे पीककर्ज उचलून ते गाडीत घालणारे काही सभासद आहेत. हे कर्ज पुढे उसाच्या बिलातूनच वसूल होणार असते. गाडीत पैसा गेला की भरणीच्या वेळी खत उधारीवर येते, उधारीचा भाव वेगळा लागतो, आणि त्या वर्षी एकरी चार-पाच टन घटले तर गाडीची खरी किंमत किती झाली ते ज्याचे त्याने मांडावे. हातात जेवढी रक्कम मोकळी असेल तिच्या पाचातल्या चार भागांचीच गाडी बघावी. पाचवा भाग टायर, बॅटरी, विमा, नावावर करण्याचा खर्च आणि पहिली दुरुस्ती यांसाठी बाजूला ठेवावा. तो लागणारच, लागला नाही तर आनंद आहे.

आता कागदपत्रे. जमीन घेताना आपण सातबारा बघतो, फेरफार बघतो, इतर हक्कांत बोजा आहे का बघतो. गाडीचे आरसी बुक म्हणजे तिचा सातबाराच. त्यावर कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव असेल तर तो बोजा समजावा. "कर्ज फिटलंय, फक्त नाव कमी करायचं राहिलंय," या वाक्यावर पैसे देऊ नयेत. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे मानू नये. गाडीची नोंद, विमा कुठवर आहे, पीयूसी आहे का, हे सरकारच्या परिवहन ॲपवर घरबसल्या बघता येते. थकलेल्या दंडाची चलने निराळी बघावीत. घरातल्या कॉलेजच्या मुलाला सांगा, दहा मिनिटांचे काम आहे. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर मात्र स्वतः वाकून बघावा. कागदावरचा आणि पत्र्यावरचा एकच पाहिजे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का तेही बघावे.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळते ती उगीच नाही. वर्षभरात फेरनोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर आपल्या गळ्यात येणार असतो, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी पुन्हा तेच.

नावावर करण्याच्या बाबतीत आपल्याकडे फार ढिलाई आहे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ते कपाटात ठेवले की झाले, असे अनेकांना वाटते. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. यात धोका घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला जास्त आहे. एका मोटारीचे तीन-चार हातांत व्यवहार झाले, पण आरसीवर पहिल्याच मालकाचे नाव राहिले, आणि त्या गाडीने अपघात झाला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भरपाईची जबाबदारी कागदोपत्री जो मालक आहे त्याचीच. म्हणजे आपण विकलेली गाडी तिसऱ्याच तालुक्यात कोणीतरी चालवतो आहे आणि नोटीस आपल्या दारात. विम्याचेही तसेच. गाडी घेतल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा. तो केला नाही, तर आपल्या गाडीचे नुकसान झाल्यावर कंपनी हात वर करू शकते. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, आपल्याला मिळत नाही. हप्ता वाढलेला दिसला की एजंटाशी भांडू नये.

आपल्या जिल्ह्यापुरता सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांत पंचगंगेचे पाणी शहरात आणि गावागावांत शिरले, शिरोलीजवळ हमरस्ता बंद पडला, आणि दारात उभ्या असलेल्या किती गाड्या बुडाल्या ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. त्यातल्या काही भंगारात गेल्या. काही धुऊन, पुसून, नवे सीट कव्हर चढवून पुन्हा रस्त्यावर आल्या. अशी गाडी वर्षभर बरी चालते. मग एक दिवस काच वर होत नाही, दुसऱ्या दिवशी स्टार्टर मारत नाही, आणि वायरमन "आतून हिरवं झालंय" एवढेच सांगतो. वायरिंगच्या जोडात शिरलेले पाणी तांब्याला खात राहते आणि त्याला कायमचा इलाज नाही.

बुडालेली गाडी ओळखता येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा भाग धुतलेला असतो, पण आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. सीटच्या खालच्या पट्ट्यांवर आणि बोल्टांवर गंज आहे का बघा. पायाखालचा गालिचा उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा. दिव्यांच्या काचेआड वाफेचे डाग असतील, किंवा गाडीत अत्तराचा फार वास मारला असेल, तर तो कुबट वास झाकण्यासाठी आहे का असा संशय घ्यावा. २०१९ पूर्वीची गाडी असेल तर त्या दोन वर्षांत ती कुठे उभी असायची, हे सरळ विचारावे आणि विमा कंपनीकडे दावा झाला होता का तेही विचारावे. उत्तर देताना माणूस अडखळला तर उठून यावे.

बाकी तपासणीला आपल्या ओळखीचा मेस्त्री बरोबर न्यावा आणि त्याला त्याची मजुरी द्यावी. फुकट नेलेला मेस्त्री कंटाळून "चांगली हाय, घ्या" म्हणतो. गाडी सकाळी थंड असताना बघायला जावे. आपण पोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवले असेल तर सुरू होतानाचा त्रास लपवला असण्याची शक्यता आहे. ऑइलची कांडी काढून बघा. दुधाच्या चहासारखा रंग असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळते आहे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी कितीही शिल्लक असली तरी इतका जुना टायर बदलायचाच, म्हणून भावातून तेवढे पैसे कमी करून मागावेत. मीटर ४० हजार दाखवतो आणि क्लचच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले आहे, तर पेडलवर विश्वास ठेवावा. आणि किल्ली फिरवल्यावर इंजिनाचा व एअरबॅगचा पिवळा-लाल दिवा आधी पेटला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. मुळात पेटलाच नाही तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केला आहे.

वडगावच्या बाजारात बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, खांद्यावर हात फिरवतो. तेवढेच करायचे आहे, जास्त काही नाही.

डिझेल की पेट्रोल, हा वाद गावोगावी चालतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाडीत धूर गाळणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब रस्त्यावर सलग पळावी लागते. रोज घर ते शेत आणि शेत ते दूध डेअरी असा दोन-चार किलोमीटरचा वापर असेल तर ती जाळी तुंबते आणि तिचा खर्च मोठा असतो. असा वापर असणाऱ्याने पेट्रोलचीच गाडी घ्यावी. सीएनजीची घेतली तर टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी झाली आहे का त्याचा दाखला मागावा.

पेट्रोलवरून इथेनॉलकडे यावेच लागते, कारण तो आपल्या घरचा विषय आहे. २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले काही मक्याचे आणि तांदळाचे, काही आपल्या मळीचे आणि रसाचे. आपल्या उसाला त्यामुळे आधार मिळतो हे खरे, पण म्हणून त्याची दुसरी बाजू झाकू नये. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या या मिश्रणाला सोसतील अशा मालमसाल्याने बनवल्या आहेत. आपण घेतो त्या जुन्या गाड्या बहुधा त्याआधीच्या असतात. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद कमी असते. २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालातच जुन्या बनावटीच्या मोटारींचे ॲव्हरेज सहा-सात टक्के घटेल असा अंदाज दिला होता. म्हणजे १८ देणारी गाडी १७ च्या जरा खाली येईल. यापेक्षा जास्त घट झाली तर दोष गाडीत शोधावा, सगळे खापर इथेनॉलवर फोडू नये. जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या कडक झाल्या आहेत का, कुठे पाझरते का, हे घेतल्याबरोबर तपासून घ्यावे आणि शक्य असेल तिथे फिल्टर बदलावा. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून पावसाळ्यात महिनाभर गाडी उभी करून ठेवू नये.

सांभाळायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या चुकतात. ऑइल कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा बदलावे. गाडी कमी फिरली म्हणून वर्ष पुढे ढकलू नये. रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालू नये. शिरोळकडच्या क्षाराच्या पट्ट्यात तर मुळीच नाही, आतून खपली धरते. कूलंटच वापरावे. पावसाळा संपला की गाडी खालून धुऊन घ्यावी, चिखल पत्रा खातो. फडाजवळच्या घरात उंदीर-घुशी फार. बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून वायरिंग बघावे. निपाणी-कागलकडे बॉनेटमध्ये तंबाखूची पाने ठेवतात. काहीजण गुण येतो म्हणतात, आम्ही उंदरांना अजून विचारलेले नाही.

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी येते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीची ती गाडी अजून सोने लुटायला आपल्या चाकांवर येते, ती तिला सांभाळणाऱ्या हातांमुळे. कोल्हापूरला असे हात कमी नाहीत. उद्यमनगरात लेथवर पार्ट घडवून देणारे कारागीर आहेत. सेन्सरच्या गाडीला त्याबरोबर स्कॅनरही लागतो, एवढाच फरक.

म्हणून एक सूचना मांडतो. ज्या कारखान्यांकडे स्वतःचे गॅरेज आहे, तिथे हंगाम संपल्यावर कामाचा ताण कमी असतो. आठवड्यातला अर्धा दिवस ठरवून, सभासद घेऊ पाहत असलेली गाडी तिथल्या मेकॅनिकने तपासावी, एक स्कॅनर घ्यावा, आणि तपासणीचा कागद सही करून द्यावा. त्यासाठी योग्य फी घ्यावी, फुकट नको. "कारखान्याने गाळप करावं, गाड्या कशाला तपासाव्यात," असे काही संचालकांना वाटेल. पण माती तपासून देतो, बेणे तपासून देतो, मग ज्या वस्तूत सभासदाचा अडीच एकरांचा ऊस जातो ती तपासायला अडचण काय, हे त्यांनी सांगावे. येत्या वार्षिक सभेत हा विषय घेण्यासाठी सभासदांनी लेखी अर्ज सभेच्या नोटिशीत दिलेल्या मुदतीत द्यावेत. आयत्या वेळी उठून बोललेला विषय इतिवृत्तात नीट येत नाही.