झिंकची पूड गेली, हगवण राहिली

डुकराच्या पिल्लांच्या खाद्यात औषधी मात्रेत झिंक ऑक्साईड मिसळायला युरोपीय संघात २६ जून २०२२ पासून बंदी आहे. आईचे दूध तोडल्यावर पिल्लांना लागणारी हगवण या स्वस्त पांढऱ्या पुडीने आटोक्यात राहत असे. बंदीनंतर डेन्मार्कमध्ये निओमायसिन या प्रतिजैविकाचा वापर वाढला. एक पूड काढून दुसरी घालण्यापुरता हा प्रश्न नाही, हे त्यातून दिसले.

मुळात दूध तुटते फार लवकर. मोकळ्यावर वाढणारी पिल्ले तीन-चार महिने आईला पितात. फार्मवर ती चौथ्या आठवड्याच्या आसपास वेगळी होतात. भेदरलेले पिल्लू पहिला दिवसभर अनेकदा तोंडच लावत नाही. उपाशी आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे आखूड होतात आणि अन्न शोषणारी जागा घटते. जठरात आम्लही पुरेसे तयार होत नसते. अशात सोयाबीन पेंडीचा भारी खुराक पोटात गेला की न पचलेली प्रथिने मोठ्या आतड्यात कुजतात आणि रोगकारक ई. कोलाय जीवाणूंचे फावते.

झिंकची औषधी मात्रा खाद्यात किलोमागे सुमारे २,५०० मिलिग्रॅम असे. त्यातले बहुतेक विष्ठेवाटे शेतात जाऊन साठते. शिवाय झिंकला दाद न देणारे काही जीवाणू प्रतिजैविकांनाही पुरून उरतात. हा धोका माणसापर्यंत पोहोचतो. कोलिस्टिन हे अतिदक्षता विभागातले अखेरच्या फळीतले औषध. त्याला निष्प्रभ करणारे आणि एका जीवाणूतून दुसऱ्यात जाणारे जनुक चीनमध्ये डुकरांत सापडल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली.

आता भर आहे तो खुराकावर. एकूण प्रथिने कमी करायची, कमी पडणारी अमिनो आम्ले वेगळी घालायची, जोडीला फॉर्मिक किंवा बेंझोइक आम्ल आणि थोडा कोंडा. प्रोबायोटिक्सचा गुण मात्र फार्मागणिक बदलतो. पिशवीवरचे दावे तेवढे बदलत नाहीत! प्रथिने फारच कमी केली तर वाढ मंदावते, म्हणून हे गणित जपून मांडावे लागते.

दूध आठवडाभर उशिरा तोडणे हा त्यातला सर्वांत सरळ उपाय. पण तितके दिवस मादी पुन्हा गाभण राहत नाही, वर्षाकाठी मिळणारी पिल्ले घटतात आणि तो तोटा पालकाच्या पदरात पडतो.