इंजिन मागे, पंडित पुढे

घरी मोटार बांधणाऱ्याला हसणाऱ्यांची मला भारी चीड आहे. १९४६ साली इंग्लंडात, सर्बिटनच्या गॅरेजात, कूपर बापलेकांनी दोन फियाट टोपोलिनोंचे पुढचे भाग पाठीला पाठ लावून जोडले आणि ड्रायव्हरच्या मागे मोटारसायकलचं ५०० सीसीचं इंजिन बसवलं. का? तर मागच्या चाकांपर्यंत साखळी न्यायला सोपं! समतोलाचं तत्त्वज्ञान पंडितांनी मागाहून चिकटवलं. बैल गाडीपुढेच जुंपायचा, असं मानणाऱ्या बड्यांना जॅक ब्रॅबहॅमनं १९५९ साली कूपरमधूनच जगज्जेता होऊन दाखवलं. म्हणून म्हणतो, बाबांनो, बांधताय तर लिहूनही ठेवा; साखळी का तुटली तेसुद्धा! नाहीतर तुमच्या ग्रीसच्या डागांवर कुणीतरी डॉक्टरेट मिळवील, आणि आज हसणारे शेजारी त्याच्या सत्काराला पहिल्या रांगेत बसतील.