विषाची सोपी कथा

चीनच्या त्सू-आन आणि त्सू-शी या दोन राजमातांविषयी लिहिताना आमच्याकडेही सवतीमत्सराचेच भांडवल होते. १८८१ मध्ये त्सू-आन अकस्मात निवर्तली. त्सू-शीने तिला विष दिले, ही वदंता इतिहास म्हणून खपविली जाते. तिला पुरावा नाही. सिद्ध आहे ते निराळेच. १८६१ मध्ये सम्राट श्यानफंगच्या मृत्यूनंतर पट्टराणी त्सू-आन आणि वारसाची आई त्सू-शी यांनी मिळून आठ कारभाऱ्यांना दूर केले. पुढे दोन बालसम्राटांच्या नावे पडद्याआडून एकत्र राज्यकारभार पाहिला. सुनेच्या निवडीवरून दोघींत मतभेद झाले असे म्हणतात. तरी ही जोडी मृत्यूपर्यंत टिकली. दोन पुरुषांच्या अशा नात्यास आम्ही मुत्सद्देगिरी म्हणतो. मग स्त्रियांच्याच वाट्याला विषाचा प्याला का?