कर धुरावर की गाडीच्या वयावर?

सिल्वासा : १२ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीत वाहन उत्पादकांच्या वार्षिक अधिवेशनात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी डिझेल वाहनांवर प्रदूषण कर म्हणून दहा टक्के जादा जीएसटी लावण्याची शिफारस अर्थमंत्र्यांकडे करणार असल्याचे सांगितले. त्यानंतर वाहन कंपन्यांचे समभाग घसरले आणि असा कोणताही प्रस्ताव सरकारच्या सक्रिय विचाराधीन नाही, असा खुलासा गडकरी यांना त्याच दिवशी करावा लागला. हा कर मांडणे सोपे, पण लोकांच्या गळी उतरवणे किती अवघड, हे त्या एका दिवसात दिसले.

प्रस्ताव मागे पडला, तरी विचार संपलेला नाही. धूर ओकणाऱ्या वाहनाने अधिक कर द्यावा, हे तत्त्व केंद्र सरकारच्या धोरणात गेली काही वर्षे या ना त्या रूपाने येत आहे. दादरा व नगर हवेलीसारख्या लहान, उद्योगबहुल आणि चहूबाजूंनी दुसऱ्या राज्यांच्या सीमांनी वेढलेल्या प्रदेशात या तत्त्वाची खरी कसोटी लागते. येथील वाहनधारकांची नाराजी केवळ खिशाला बसणाऱ्या चाटीची आहे असे मानले, तर तिच्यातील अर्धाच भाग हाती लागतो. उरलेला अर्धा भाग न्यायाच्या प्रश्नाचा आहे.

प्रस्ताव काय होता, लागू काय झाले

जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुन्या वाहनांवरील हरित कराच्या प्रस्तावाला मान्यता दिली आणि तो राज्यांच्या विचारार्थ पाठवण्याचे ठरवले. आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनांना योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करताना रस्ता कराच्या १० ते २५ टक्के, तर खासगी वाहनांना १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना हा कर द्यावा लागेल, अशी ती योजना होती. अतिप्रदूषित शहरांत नोंदलेल्या वाहनांसाठी हाच दर रस्ता कराच्या ५० टक्क्यांपर्यंत सुचवला होता. विजेवर, सीएनजीवर किंवा इथेनॉलवर चालणारी वाहने आणि शेतीचे ट्रॅक्टर यांना सूट होती. जमा होणारी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून ती प्रदूषण नियंत्रणासाठीच वापरावी, हीही अट त्यात होती.

मंत्रालयाने त्या वेळी दिलेली आकडेवारी बोलकी होती. एकूण वाहनांत व्यावसायिक वाहने सुमारे पाच टक्के. पण वाहनांमुळे होणाऱ्या प्रदूषणात त्यांचा वाटा ६५ ते ७० टक्के. सन २००० पूर्वीची वाहने एक टक्क्याहूनही कमी. पण प्रदूषणातील वाटा सुमारे १५ टक्के. जुने वाहन नव्याच्या तुलनेत १० ते २५ पट अधिक प्रदूषण करते, असेही सांगण्यात आले. म्हणजे सरकारची मूळ बाजू लंगडी नाही.

त्यानंतर प्रत्यक्षात आले ते मुख्यतः शुल्क. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले. दुचाकीचे ३०० रुपयांवरून १ हजार. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी हे शुल्क १० हजार आणि मोटारसायकलसाठी २ हजार रुपये करण्यात आले. शेजारच्या महाराष्ट्रात १५ वर्षांवरील खासगी वाहनांकडून पर्यावरण कर आधीपासून घेतला जातो.

एकाच कराला तीन प्रतिसाद

सिल्वासा हे कामगारांचे आणि मालवाहतुकीचे गाव आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कर सवलतींमुळे येथे कारखानदारी आली. आमली, मसाट, पिपरिया, खडोली येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. कृत्रिम धाग्याच्या उद्योगाने या प्रदेशाला देशाच्या नकाशावर स्थान दिले. त्यामुळे प्रदूषण कराचा विषय निघाला की येथील वाहनधारक एका सुरात बोलणे शक्यच नाही.

पहिला वर्ग कामगाराचा. खानवेल किंवा दुधनीकडील गावातून पाळीवर येणाऱ्या माणसासाठी जुनी मोटारसायकल ही हौस नव्हे, रोजीरोटीची वाट असते. त्याला नवी गाडी परवडत नाही म्हणून तो जुनी वापरतो. त्याच्या दृष्टीने गाडीच्या वयावरचा कर हा गरिबीवरचा कर ठरतो. सिल्वासा जानेवारी २०१८ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत निवडले गेले आणि पुढे शहरात विजेवरील बसगाड्याही धावू लागल्या. पण रात्रपाळी सुटल्यावर डोंगराकडच्या पाड्यावर नेणारी बस नसेल, तर ‘गाडी सोडा’ हा सल्ला त्याला पटणार नाही.

दुसरा वर्ग टेम्पो आणि ट्रकमालकांचा. एका-दोन गाड्यांवर धंदा करणारा मालक बहुधा वापरलेली गाडी कर्जावर घेतो. आठव्या वर्षी ती गाडी त्याच्यासाठी जुनी झालेली नसते. उलट हप्ते फिटून कमाईला नुकतीच सुरुवात झालेली असते. नेमक्या त्याच वेळी जादा कर आला, तर तो भाडे वाढवील, किंवा देखभालीचा खर्च वाचवील. दुसरी शक्यता अधिक वाईट. कारण देखभाल टाळलेले इंजिन अधिक धूर सोडते. तरीही प्रदूषणाचा मोठा वाटा याच वर्गाच्या वाहनांचा आहे, ही वस्तुस्थिती दृष्टिआड करता येत नाही.

तिसरा वर्ग नव्या, मोठ्या गाड्यांच्या मालकांचा. त्यांचा युक्तिवाद असा, की गाडी १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ निकषांची आहे, खरेदीच्या वेळी भरपूर कर भरलेला आहे, मग पुन्हा कर कशासाठी? हा युक्तिवाद विषारी धुरापुरता बराचसा खरा आहे. मात्र मोठी गाडी किलोमीटरमागे अधिक इंधन जाळते आणि त्या प्रमाणात अधिक कार्बन वायू सोडते, हे त्यात येत नाही.

मोजमापच चुकीचे

या तिन्ही प्रतिसादांच्या मुळाशी एकच तक्रार आहे. कर प्रदूषणावर आहे असे सांगितले जाते. मोजले मात्र दुसरेच काही जाते.

नूतनीकरण शुल्क गाडीचे वय मोजते. महिन्यात दोनशे किलोमीटर चालणारी, नीट राखलेली वीस वर्षांची मोटार आणि रोज सुरतेला जाऊन येणारी तेवढ्याच वयाची मोटार यांना शुल्क सारखेच. जीएसटी गाडीची लांबी आणि इंजिनाची क्षमता मोजतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या लहान गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के कर आहे. त्यापूर्वी मोठ्या एसयूव्हीवर उपकरासह ५० टक्के आणि मोठ्या हायब्रिड मोटारीवर ४३ टक्के कर होता. आता दोन्हींवर ४० टक्केच आहे. म्हणजे कमी इंधनात चालणाऱ्या मोठ्या गाडीला मिळणारा सात टक्क्यांचा फायदा नव्या रचनेत उरला नाही. लहान डिझेल मोटारीवर पेट्रोल मोटारीपेक्षा दोन टक्के जास्त असलेला उपकरही गेला. विजेवरील गाड्यांचा पाच टक्के दर तेवढा कायम राहिला.

रकमा शेजारी ठेवल्या की सामान्य वाहनधारकाचा राग समजतो. करापूर्वी १५ लाख रुपये किंमत असलेल्या एसयूव्हीवरील कर या बदलाने साडेसात लाखांवरून सहा लाखांवर आला. दीड लाख रुपये वाचले. त्याच्या महिनाभर आधी वीस वर्षांच्या जुन्या मोटारीचे शुल्क १० हजार रुपयांवर गेले होते. पाच वर्षांसाठीचे हे शुल्क महिन्याला सुमारे १६७ रुपये पडते. ते फार नाही. पण एकीकडे सूट आणि दुसरीकडे वाढ पाहणाऱ्याला हे धोरण पर्यावरणाचे वाटत नाही.

खरे मोजमाप पीयूसी तपासणीने व्हावे, अशी अपेक्षा असते. ते प्रमाणपत्र नसल्यास कायद्यात १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु या तपासणीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन आणि डिझेल गाडीच्या धुराची घनता एवढेच पाहिले जाते. श्वसनाला सर्वाधिक घातक असलेले सूक्ष्म कण आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचे थेट मोजमाप होत नाही. त्यामुळे कर ठरवण्यासाठी हे प्रमाणपत्र आजच्या स्वरूपात अपुरे आहे.

नंबर प्लेट आणि सीमा

सिल्वासापुरता आणखी एक पेच आहे. वापी स्थानकाहून सिल्वासाकडे निघालेली गाडी गुजरातमधून दादऱ्यात शिरते, पुन्हा गुजरातच्या लवाछा परिसरातून जाते आणि मग नगर हवेलीत येते. अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासात एवढ्या सीमा ओलांडल्या जातात. धूर मात्र कोणतीच सीमा मानत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये गंभीर प्रदूषित ठरवलेल्या औद्योगिक क्षेत्रांत वापीचा समावेश होता. उद्या वापी परिसर अतिप्रदूषित म्हणून तेथे ५० टक्के हरित कर लागला आणि सिल्वासात तो १० टक्केच राहिला, तर ट्रक तेच, रस्ता तोच, हवाही तीच राहील. नोंदणीचा पत्ता तेवढा बदलेल.

ही शंका निराधार नाही. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल मोटारीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के, डिझेल मोटारीवर १३ ते १५ टक्के आणि कंपनीच्या नावावरील मोटारीवर २० टक्के मोटार वाहन कर आहे. या केंद्रशासित प्रदेशात तो पुष्कळ कमी असल्याने डीएन आणि डीडी क्रमांकाच्या आलिशान गाड्या मुंबईच्या रस्त्यांवर दिसणे नवे नाही. गाडी एका वर्षाहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहिली तर तेथे नवा क्रमांक घेण्याचे बंधन मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ मध्ये आहे. तरीही कायद्याचे बंधन आणि रस्त्यावरची अंमलबजावणी यांत अंतर राहते.

इंधनाचेही तेच. येथे पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असल्याने सीमेपलीकडच्या गाड्या येथील पंपांवर येतात. त्या विक्रीचा महसूल प्रशासनाला मिळतो. एका हाताने स्वस्त इंधन विकायचे आणि दुसऱ्या हाताने प्रदूषण कर मागायचा, ही विसंगती स्थानिक वाहनधारकाच्या नजरेतून सुटणारी नाही.

बाहेरचे दोन धडे

या विषयात जगाने दोन टोके पाहिली आहेत. फ्रान्समध्ये इंधनावरील वाढीव पर्यावरण कराविरुद्ध नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले. त्यात गाडीशिवाय पर्याय नसलेल्या लहान गावांतील लोक मोठ्या संख्येने होते. पुढील जानेवारीत होणारी वाढ सरकारला रद्द करावी लागली.

लंडनने दुसरा मार्ग घेतला. तेथे ऑगस्ट २०२३ पासून संपूर्ण महानगरात निकष न पाळणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड आकारले जातात. विरोध तेथेही तीव्र झाला. पण शुल्क गाडी कोठे नोंदली आहे यावर नव्हे, तर ती कोठे चालते आणि उत्सर्जनाचा कोणता निकष पाळते यावर ठरते. जुनी मोटार मोडीत काढणाऱ्या रहिवाशाला दोन हजार पौंडांपर्यंत साहाय्यही देण्यात आले. विरोध झाला म्हणून योजना मोडली नाही. कारण तिच्यामागचे गणित लोकांना तपासता येत होते.

सिल्वासाला काय हवे

येथे लंडनसारखी यंत्रणा उभारावी असे कोणी म्हणणार नाही. पण तत्त्व उचलता येते. पहिली बाब म्हणजे क्रम. सर्वाधिक वाटा जुन्या, सतत धावणाऱ्या मालवाहू वाहनांचा असेल, तर सुरुवात तेथून व्हावी. मात्र लहान मालकाला गाडी बदलण्याइतके आधाराचे साधन देऊनच. वाहन मोडीत काढण्याच्या धोरणात नव्या व्यावसायिक वाहनाच्या रस्ता करात १५ टक्क्यांपर्यंत आणि खासगी वाहनाच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. जेथे मुळात रस्ता करच कमी, तेथे त्याच्या टक्केवारीत दिलेली सवलतही किरकोळ ठरते. येथे वेगळ्या साहाय्याची गरज आहे.

दुसरी बाब समानतेची. वापी, सिल्वासा आणि दमण यांची हवा एकच असेल, तर दरही एका पट्ट्याचा म्हणून ठरला पाहिजे. देशभर चालणाऱ्या बीएच मालिकेत डिझेल गाडीला दोन टक्के अधिक आणि विजेवरील गाडीला दोन टक्के कमी कर आहे. म्हणजे सीमा न पाहता इंधन पाहून कर लावण्याचा पायंडा देशात पडलेलाच आहे.

तिसरी बाब हिशेबाची. २०२१ च्या प्रस्तावातील वेगळ्या खात्याची अट हा त्याचा सर्वांत मोलाचा भाग होता. गोळा झालेल्या पैशातून किती बस आल्या, किती तपासणी केंद्रे सुधारली, हे दरवर्षी जाहीर झाले तर कराकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

या प्रदेशाला विधानसभा नाही. लोकसभेत दादरा व नगर हवेलीचा एकच प्रतिनिधी आहे. करावर सभागृहात वादविवाद होण्याची सोय नसल्याने मसुद्यावर मागवल्या जाणाऱ्या हरकती आणि सूचना हीच येथील वाहनधारकाची विधानसभा ठरते. असा मसुदा येईल तेव्हा तो मराठी, गुजराती आणि हिंदीत, पुरेशा मुदतीसह लोकांसमोर यायला हवा. दमणगंगेच्या काठावरील हवा खानवेलचा कामगार आणि एसयूव्हीचा मालक सारखीच घेतात. ती स्वच्छ करण्याचा खर्चही दोघांनी आपापल्या धुराच्या प्रमाणात उचलावा, एवढीच अपेक्षा आहे. आणि ती कराला विरोध करणाऱ्यालाही नाकारता येणार नाही.